उमरावसभेतील एक बुधवार : ९ फेब्रुवारी १९४४

दुसऱ्या महायुद्धाचे पाचवे वर्ष चालू असताना, ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी सरकारला एक प्रश्न विचारला. शत्रूच्या शहरांवर होणाऱ्या बॉम्बवर्षावाबाबत सरकारचे नेमके धोरण काय आहे? त्या वर्षावाचा सामान्य नागरिकांवर आणि युद्धाशी वा कारखान्यांशी संबंध नसलेल्या वास्तूंवर जो परिणाम होतो, त्याचे सरकार काय उत्तर देते? ब्रिटनची विमाने तेव्हा जवळपास रोज रात्री जर्मनीवर जात होती आणि बहुसंख्य ब्रिटिश जनतेला त्याबद्दल अभिमान वाटत होता. अशा वेळी हा प्रश्न उघड बैठकीत, वार्ताहरांसमोर विचारला गेला आणि सरकारला उभे राहून उत्तर द्यावे लागले. युद्धकाळात संसदेचे वरिष्ठ सभागृह कसे चालत होते, त्याच्या हातात काय होते आणि काय नव्हते, हे समजण्यासाठी या दिवसाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बैठक नेहमीच्या दालनात भरली नव्हती. १० मे १९४१च्या रात्री जर्मन विमानांनी वेस्टमिन्स्टरवर बॉम्ब टाकले आणि हाउस ऑफ कॉमन्सचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, दालन जळून बेचिराख झाले. निवडून आलेल्या सभासदांची सोय आधी लावणे भाग होते, म्हणून लॉर्ड्‌सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या सभासदांनी, आपले प्रशस्त दालन त्यांना दिले आणि स्वतः शेजारच्या एका लहान दालनात मुक्काम हलवला. संसदेच्या अधिवेशनाचे उद्घाटन करण्यापूर्वी राजा याच दालनात राजवस्त्रे आणि मुकुट चढवतो. एरवी वर्षाकाठी एखाददुसरा दिवस वापरात येणाऱ्या या खोलीत उमरावांना पुढे दहा वर्षे, १९५१पर्यंत, दाटीवाटीने बसावे लागले. भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रकार विल्यम डाइस याने राजा आर्थरच्या कथांमधून निवडलेले सद्गुण रंगवलेले आहेत. एका चित्रात एक सरदार दया दाखवण्याची आणि स्त्रियांविरुद्ध कधीही शस्त्र न धरण्याची शपथ घेतो. दुसऱ्यात घोड्यावरून पडलेल्या राजाला त्याचा प्रतिस्पर्धी जीवदान देतो. शत्रूच्या बायकामुलांवर पडणाऱ्या बॉम्बांची चर्चा नेमकी याच दालनात व्हावी, हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवलेला नव्हता.

या सभागृहाला मराठीत पूर्वी ‘उमरावसभा’ म्हणत आणि ते नाव त्या काळात तरी अगदी यथार्थ होते. राज्यसभेचे बहुतेक सदस्य राज्यांच्या विधानसभांचे आमदार निवडून देतात. लॉर्ड्‌समध्ये मात्र १९४४ साली कोणीही लोकांच्या वतीने निवडून आलेले नव्हते. सभासदांची संख्या आठशेच्या घरात होती आणि त्यांतील बहुतेकांनी बापाची पदवी वारसाहक्काने घेतलेली होती. काहींना स्वतःच्या कर्तबगारीवर नवी पदवी मिळालेली होती. अपिले ऐकणारे काही न्यायाधीश होते. आणि इंग्लंडच्या चर्चचे २६ धर्मगुरू होते : कँटरबरी आणि यॉर्कचे आर्चबिशप, लंडन, डरहॅम व विंचेस्टरचे बिशप हे पदसिद्ध, तर उरलेले २१ ज्येष्ठतेनुसार. स्त्रियांना या सभागृहाचे दार १९५८पर्यंत बंदच होते. आठशेपैकी रोज हजर राहणारे थोडेच असत. युद्धात तर अनेक तरुण उमराव पलटणीत होते आणि म्हाताऱ्यांना काळोख्या लंडनमध्ये येणे जिकिरीचे होते. सभागृहाला तीन सभासदांची गणसंख्या पुरत असे.

अधिकारांच्या बाबतीत लॉर्ड्‌सचे पंख १९११च्या कायद्याने छाटले गेले होते. अर्थविषयक विधेयक ते जेमतेम महिनाभर रोखू शकत आणि इतर विधेयके दोन वर्षे. एका गोष्टीत मात्र त्यांचा नकार अखेरचा होता. संसदेची पाच वर्षांची मुदत वाढवणारे विधेयक लॉर्ड्‌सच्या संमतीशिवाय मंजूरच होऊ शकत नव्हते. १९३५मध्ये निवडून आलेली संसद युद्धामुळे १९४५पर्यंत चालली, ती दरवर्षी मुदतवाढीचा नवा कायदा करून. वर्षानुवर्षे निवडणूक नाही, सगळे मोठे पक्ष चर्चिल यांच्या सरकारात सामील, विरोधी पक्ष जवळजवळ नाहीच, अशी परिस्थिती होती. त्यामुळे सरकारला अडचणीचे प्रश्न विचारण्याचे काम एकट्यादुकट्या सभासदांवर येऊन पडले. कनिष्ठ सभागृहात हे काम मजूर पक्षाचे रिचर्ड स्टोक्स करीत. ज्यांना मतदारसंघ नाही आणि पुढच्या निवडणुकीची भीतीही नाही, असे काही उमराव आणि बिशप ते वरच्या सभागृहात करीत.

कामकाजाची सुरुवात प्रार्थनेने होई. ती एखादा बिशप म्हणत असे. लॉर्ड चॅन्सेलर लोकर भरलेल्या लाल गादीवर बसत. ते अध्यक्षस्थानी असले तरी कोणी बोलावे, कोणी थांबावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. वक्ता अध्यक्षांना नव्हे, तर सगळ्या सभागृहाला उद्देशून बोलत असे आणि शिस्त राखणे ही सगळ्यांची जबाबदारी मानली जाई. त्या काळी या पदावर व्हायकाउंट सायमन होते. भारतीय वाचकांना हे नाव अपरिचित नाही : ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबई बंदरात उतरताच ज्यांचे काळ्या निशाणांनी स्वागत झाले आणि ज्यांच्या नावाने ‘सायमन परत जा’ची घोषणा देशभर घुमली, ते हेच जॉन सायमन.

एखाद्या धोरणावर चर्चा घडवण्याची लॉर्ड्‌सची तेव्हा एक खास रीत होती. सभासद आधी आपला प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नोंदवत असे आणि त्याला शेपूट जोडत असे, की ‘या विषयाची कागदपत्रे सभागृहापुढे ठेवावीत’. कागदपत्रे कोणालाच नको असत. पण तसा प्रस्ताव असला, की मांडणाऱ्याला सुरुवातीला सविस्तर बोलता येई, इतर सभासदांना चर्चेत उतरता येई, सरकारतर्फे मंत्र्याला उत्तर द्यावे लागे आणि शेवटी मांडणाऱ्याला पुन्हा दोन शब्द बोलून प्रस्ताव मागे घेता येई. मतदान होत नसे, कोणी हरत नसे, कोणी जिंकत नसे. सरकारला धोक्यात न आणता जाब विचारण्याची ही सोय युद्धकाळात फार उपयोगी पडली. बेल यांनी तीच वापरली.

प्रश्नामागची पार्श्वभूमी अशी. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश हवाई दल कारखाने, बंदरे, रेल्वे यांवर नेम धरून बॉम्ब टाकण्याचा प्रयत्न करीत होते. दिवसा गेले तर विमाने पडत आणि रात्री गेले तर नेम चुके, इतका की बॉम्ब मैलोन्‌मैल दूर पडत. १४ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने धोरण बदलले. आता लक्ष्य एखादा कारखाना नव्हता. औद्योगिक कामगारांची वस्ती, म्हणजे शहरच लक्ष्य झाले. त्याच महिन्यात आर्थर हॅरिस बॉम्बर दलाचे प्रमुख झाले. मार्च १९४२मध्ये चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी हिशेब मांडून दाखवला, की जर्मनीच्या मोठ्या शहरांतील लोकांची घरे मोडली तर त्यांचे मनोधैर्य मोडेल. हे चेरवेल याच उमरावसभेचे सभासद होते. ल्युबेक, रोस्टॉक, कोलोन अशी शहरे एकामागून एक भाजून निघाली. ल्युबेकचा सूड म्हणून जर्मनांनी १९४२च्या वसंतात एक्झेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी या जुन्या इंग्रज शहरांवर हल्ले केले. जुलै १९४३च्या अखेरीस हँबुर्गवर लागोपाठ हल्ले झाले आणि एका रात्री संपूर्ण वस्त्याच वणव्यासारख्या पेटल्या. मृतांचा आकडा इतिहासकार आज ३५ ते ४० हजारांच्या दरम्यान धरतात. नोव्हेंबर १९४३पासून बर्लिनची पाळी आली. इकडे जानेवारी १९४४पासून जर्मन विमाने पुन्हा लंडनवर येऊ लागली होती. म्हणजे ज्या शहरात ही चर्चा झाली, तेथील लोकही त्या आठवड्यांत रात्री भोंगे ऐकत होते.

जाहीरपणे मात्र सरकार जुनेच पालुपद आळवत होते, की आपण लष्करी लक्ष्यांवर बॉम्ब टाकतो आणि नागरिक मारणे हा हेतू नाही. हवाई खात्याचे मंत्री सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर कनिष्ठ सभागृहात वारंवार हेच सांगत. हॅरिस यांना ही लपवालपवी आवडत नव्हती. आपण शहरेच उद्ध्वस्त करत आहोत, हे सरकारने सरळ कबूल करावे, असे त्यांचे म्हणणे होते. विचित्र गोष्ट अशी, की बेल यांनाही सरकारच्या तोंडून नेमके हेच वदवून घ्यायचे होते, कारणे मात्र उलटी.

बेल काही शांततावादी नव्हते. हिटलरला शस्त्रानेच थांबवावे लागेल, हे त्यांना मान्य होते. पण जर्मनी म्हणजे नाझी नव्हे, यावर ते ठाम होते आणि त्याला कारण होते. नाझींना विरोध करणाऱ्या जर्मन चर्चशी त्यांचे युद्धापूर्वीपासून निकटचे संबंध होते आणि तिकडून पळून आलेल्या अनेक धर्मगुरूंना व ज्यू वंशाच्या कुटुंबांना त्यांनी आसरा मिळवून दिला होता. १९४२मध्ये स्वीडनमध्ये धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बोनहोफर त्यांना भेटले आणि हिटलरविरुद्धच्या कटात कोण कोण आहेत, याची नावे त्यांनी बेल यांना दिली. बेल यांनी ती परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्याकडे पोचवली. ईडन यांनी कटवाल्यांना काहीही आश्वासन द्यायला नकार दिला. मार्च १९४३मध्ये बेल यांनी लॉर्ड्‌समध्ये हाच विषय उघडपणे काढला आणि हिटलरची राजवट व जर्मन जनता यांत सरकार फरक करते, अशी कबुली लॉर्ड चॅन्सेलर सायमन यांच्याकडून मिळवली. पण बॉम्ब तो फरक करत नव्हते.

भाषणापूर्वी मंत्रिमंडळातील त्यांचे मित्र लॉर्ड वूल्टन त्यांना भेटले. हे भाषण तुम्ही करू नये अशीच इथल्या प्रत्येकाची इच्छा आहे, पण कर्तव्य म्हणून तुम्ही ते करता आहात हेही प्रत्येकाला ठाऊक आहे, अशा आशयाचे ते बोलल्याचे बेल यांच्या चरित्रात आले आहे. वयाची एकसष्ट वर्षे नुकतीच पूर्ण केलेले बेल फर्डे वक्ते नव्हते. त्यांनी समोरच्या कागदांवरून, आकडे देत, मुद्दा मुद्द्याला जोडत भाषण केले.

सुरुवातीलाच त्यांनी शत्रूचा हिशेब मांडला. वॉर्सा, रॉटरडॅम, बेलग्रेड, लंडन, कॉव्हेंट्री, कँटरबरी इथे जर्मनांनी काय केले, हे आपण विसरलेलो नाही, असे ते म्हणाले. पण हिटलर रानटी आहे म्हणून त्याचाच कित्ता गिरवायचा का, हा त्यांचा पहिला सवाल होता. मग त्यांनी भेद स्पष्ट केला. शस्त्रास्त्रांचा कारखाना, गोदी, रेल्वेचे जंक्शन यांवर हल्ला करताना आसपासचे लोक मरणार, हे टळणारे नाही आणि ते युद्धाच्या नियमांत बसते. संपूर्ण शहर त्यातल्या घरांसकट, बायकामुलांसकट, ग्रंथालये आणि चर्चसकट पुसून टाकणे ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. साधन आणि साध्य यांत काहीतरी प्रमाण हवे. त्यांनी हँबुर्गचे उदाहरण घेतले. तिथे २८ हजार माणसे मेल्याचे सांगितले आणि नाझींना विरोध करणारे लोक सर्वांत जास्त याच शहरात होते, याकडे लक्ष वेधले. बर्लिनमध्ये ७४ हजार मृत आणि ३० लाख बेघर झाल्याचे आकडेही त्यांनी दिले. यातला बर्लिनच्या मृतांचा आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी फुगलेला होता, हे आता माहीत आहे. पण युद्ध चालू असताना, शत्रूच्या राजधानीतील प्रेते मोजण्याचे साधन एका बिशपाकडे असणार तरी कोणते? हँबुर्गचा आकडा त्यांनी उलट कमीच सांगितला होता.

त्यांचा कळीचा मुद्दा कायद्याचा होता. मित्रराष्ट्रे केवळ बळासाठी लढत नाहीत, त्यांच्या निशाणावर कायदा हे नाव कोरलेले आहे, तेव्हा ताकदीवर कायद्याचा लगाम राहिला पाहिजे. शहरामागून शहर उजाड करण्याने संस्कृतीची पाळेमुळेच उपटली जात आहेत, हे युद्ध मंत्रिमंडळाला दिसत कसे नाही, असे त्यांनी विचारले. जर्मनीतील हिटलरविरोधकांना आपण या मार्गाने हिटलरच्याच छत्राखाली ढकलतो, हा इशाराही दिला. इटलीतील लढाई तेव्हा रोमच्या दक्षिणेला अडली होती. रोमचे काय होणार, याची काळजीही त्यांनी बोलून दाखवली. पुढच्याच आठवड्यात, १५ फेब्रुवारीला, मित्रराष्ट्रांच्या विमानांनी माँटे कसीनोचा प्राचीन मठ जमीनदोस्त केला.

त्यांच्या बाजूने बोलणारे फार थोडे होते. कँटरबरीचे निवृत्त आर्चबिशप लॉर्ड लँग यांनी काही अंशी पाठराखण केली. विद्यमान आर्चबिशप विल्यम टेंपल हे बेल यांचे स्नेही, तरी या प्रश्नावर ते सरकारच्या बाजूला होते. सभागृहाचा कल उघड दिसत होता. त्याला केवळ कठोरपणा म्हणणे अन्यायाचे होईल. बॉम्बर दलातल्या पोरांची विमाने रोज रात्री निघत आणि त्यातली कित्येक परतत नसत. युद्ध संपेपर्यंत या दलाचे ५५ हजारांहून अधिक लोक मेले. त्यांच्या आईबापांनी हे भाषण कसे वाचले असेल, हा प्रश्न बेल यांच्या टीकाकारांना पडत होता आणि तो गैरलागू नव्हता. बेल यांनी वैमानिकांना कधीच दोष दिला नाही. त्यांचा रोख मंत्रिमंडळावर होता.

सरकारची बाजू सभागृहनेते व्हायकाउंट क्रॅनबोर्न यांनी मांडली. यात एक नाट्य दडलेले होते, ते बहुतेक श्रोत्यांना ठाऊक नसावे. क्रॅनबोर्न यांचे वडील, सॉल्सबरीचे चौथे मार्क्विस, यांनी १९४३च्या अखेरीस सिंक्लेअर यांना खासगी पत्र लिहून बर्लिनवरील बॉम्बफेकीबद्दल अस्वस्थता कळवली होती. सरकार बोलते एक आणि हॅरिस बोलतात दुसरे, असे त्यांचे म्हणणे होते. वडिलांनी पत्रातून जे विचारले, तेच बिशपांनी सभागृहात विचारले आणि उत्तर द्यायला मुलगा उभा राहिला.

क्रॅनबोर्न यांनी बेल यांच्या प्रामाणिकपणाला मान दिला आणि मग मुद्दे खोडायला सुरुवात केली. नुसती दहशत बसवण्यासाठी आपल्या हवाई दलाने कधीही हल्ले केलेले नाहीत, तसले हल्ले जर्मनांनी केले, असे त्यांनी ठासून सांगितले. हँबुर्ग आणि बर्लिन ही युद्धसामग्री तयार करणारी प्रचंड केंद्रे आहेत, युद्ध लवकर संपवणे हाच खरा दयेचा मार्ग आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. आणि मग एक वाक्य आले. जर्मनीचे हे मोठे युद्धउद्योग बंद पाडायचे तर ते ज्या शहरांत आहेत, त्या शहरांचे सगळे जीवनच ठप्प केले पाहिजे आणि कामगारांना काम करणे अशक्य करून सोडले पाहिजे, अशा अर्थाचे ते वाक्य होते. सिंक्लेअर जे कॉमन्समध्ये बोलायचे टाळत होते, ते क्रॅनबोर्न यांनी सभ्य शब्दांच्या आडून का होईना, बोलून टाकले. कारखान्याबरोबर शहर जळते असे नाही, कारखाना थांबवण्यासाठीच शहर जाळले जाते, हे धोरण यातून कागदावर आले.

चर्चेअखेर बेल यांनी रिवाजाप्रमाणे सभागृहाच्या अनुमतीने प्रस्ताव मागे घेतला. धोरण तसूभरही बदलले नाही. वरिष्ठ सभागृहाच्या अधिकारांची मर्यादा इथे दिसते : ते सरकार पाडू शकत नव्हते, युद्धाचा खर्च रोखू शकत नव्हते, एका विमानाचा मार्गही बदलू शकत नव्हते. पण संसदेतील भाषणाबद्दल कुठल्याही न्यायालयात जाब विचारता येत नाही, ही १६८९च्या हक्कांच्या सनदेने दिलेली मोकळीक युद्धातही शाबूत होती. वाटले असते तर सरकारला गुप्त बैठकीचा मार्गही मोकळा होता. कॉमन्समध्ये आणि लॉर्ड्‌समध्येही युद्धकाळात अशा गुप्त बैठका झाल्या. या विषयावर मात्र उघड चर्चा झाली, शब्दन्‌शब्द ‘हॅन्सार्ड’ या अधिकृत इतिवृत्तात छापला गेला आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत गेला. इतिहासकार आजही सरकारची युद्धकालीन भूमिका तपासताना क्रॅनबोर्न यांच्या उत्तराकडे वळतात, ते यामुळेच.

बेल यांना या भाषणाची किंमत द्यावी लागली, असे अनेकांचे मत आहे. ऑक्टोबर १९४४मध्ये आर्चबिशप टेंपल अचानक वारले. विद्वत्ता आणि अनुभव पाहता बेल यांचे नाव पुढे येणे साहजिक होते, पण या पदासाठी राजाला नाव सुचवण्याचा अधिकार पंतप्रधानांचा, म्हणजे चर्चिल यांचा होता. निवड जेफ्री फिशर यांची झाली. हे भाषण झाले नसते तर बेल आर्चबिशप झालेच असते, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. भाषणाने त्यांची बाजू बळकट झाली नाही, एवढे मात्र नक्की. ते चिचेस्टरलाच राहिले.

चर्चेनंतर एका वर्षाने, १३ फेब्रुवारी १९४५पासून, ड्रेस्डेनवर हल्ले झाले. मार्चमध्ये स्टोक्स यांनी तो विषय कॉमन्समध्ये काढला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला चर्चिल यांनी सेनाप्रमुखांना एक टिपण पाठवले. केवळ दहशत वाढवण्यासाठी, दुसरीच कारणे पुढे करून, जर्मन शहरांवर बॉम्ब टाकण्याच्या प्रश्नाचा आता फेरविचार व्हावा, असा त्याचा आशय होता. दहशतीसाठी आपण कधी हल्ले केलेच नाहीत, हे क्रॅनबोर्न यांनी लॉर्ड्‌समध्ये सांगून जेमतेम चौदा महिने झाले होते. हवाई दलाच्या प्रमुखांनी टिपणातील भाषेला हरकत घेतली. चर्चिल यांनी ते मागे घेतले आणि १ एप्रिलला सौम्य शब्दांतले नवे टिपण लिहिले, त्यात ‘दहशत’ हा शब्द नव्हता.